ड्रम काढले, डिस्क लावले, गाडी लवकर थांबली. पण नेमकं कशामुळे?

इथे आपण एरवी पेपर वाचतो. आज जुन्या अमेरिकन गाड्यांच्या मासिकांत वर्षानुवर्षं येणारा एक लेखप्रकार वाचू. त्यात जी चूक वारंवार दिसते, तीच तुमच्या-माझ्या थिसिसमध्ये शिरते आणि व्हायवाच्या दिवशी सापडते. गाड्यांची आवड नसली तरी थांबा, लागेल ते सगळं सांगते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवून विकायची लाट आली. या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण: ६.४ लिटरचं इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, दीड टनाच्या आसपास वजन आणि चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. पळण्यावर जितका खर्च झाला तितका थांबण्यावर झाला नाही, अशी तक्रार तेव्हापासून आहे. १९६५ च्या मस्टँगला पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून मिळायचे, जीटीओला ते १९६७ मध्ये मिळू लागले. तरी बऱ्याच गाड्या ड्रम घेऊनच कारखान्याबाहेर पडल्या. आज त्या जपणारे लोक ड्रम काढून डिस्क बसवतात, आणि त्यावर लेख लिहिले जातात.

लेखाचा साचा ठरलेला असतो. आधी जुन्या ब्रेकवर ६० मैल वेगावरून गाडी किती अंतरात थांबते ते मोजायचं. मग किट बसवतानाचे फोटो. शेवटी नव्या ब्रेकवर तेच अंतर पुन्हा मोजायचं. अंतर कमी भरतं. निष्कर्ष: डिस्क श्रेष्ठ.

माझं म्हणणं असं आहे की निष्कर्ष बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण दिलेल्या पुराव्यातून तो निघत नाही.

नक्की काय काय बदललं?

अशा लेखातले फोटो एकेक करून पाहा आणि वहीत यादी करा. ड्रमच्या जागी डिस्क आणि कॅलिपर आले, हे शीर्षकातच आहे. पण त्यासोबत मास्टर सिलिंडर बदलला, रबरी होज बदलले, ब्रेक ऑइल ताजं भरलं, बूस्टर बसवला, पुढच्या चाकांचे बेअरिंग नवे घातले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टायर.

टायर का? कारण ड्रमसाठी बनवलेल्या जुन्या १४ इंची चाकात कॅलिपर अनेकदा मावत नाही, चाकाच्या आतल्या बाजूला घासतो. म्हणून मोठी चाकं घ्यावी लागतात. मोठ्या चाकांवर जुने टायर चढत नाहीत, म्हणून नवे रेडियल टायर येतात. इथे लेखकाने मुद्दाम काही लपवलेलं नाही. आपण जो बदल तपासतोय, तोच बदल दुसऱ्या बदलाला ओढून आणतोय.

आता 'आधी'ची गाडी पाहा. तिचे लायनर कधीचे? ड्रम लंबगोल झाले होते का? शू आणि ड्रममधलं अंतर शेवटचं कधी जुळवलं होतं? या प्रश्नांची उत्तरं लेखात क्वचित असतात. स्कूटरचा मागचा ड्रम ब्रेक नट आवळून घेतला की कसा फरक पडतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. म्हणजे तुलना ड्रम आणि डिस्कची राहिलेलीच नाही. ती दुर्लक्षित ड्रम आणि कोऱ्या डिस्कची आहे. नवे लायनर घालून, ड्रम लेथवर फिरवून, ताजं ऑइल भरून तीच गाडी पुन्हा मोजली असती तर? हा तिसरा आकडा जवळपास कधीच दिलेला नसतो.

थांबण्याचं अंतर कोण ठरवतं?

थोडं बारावीचं भौतिकशास्त्र. ब्रेकमध्ये चाक लॉक करण्याइतका जोर असेल, तर त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्त्यामधलं घर्षण ठरवतं. अंतर = वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). यात गाडीचं वस्तुमान येत नाही आणि ब्रेकचा प्रकारही येत नाही.

६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. टायरचा घर्षणांक ०.७५ धरला तर अंतर येतं सुमारे ४९ मीटर. ०.९ धरला तर सुमारे ४१ मीटर. म्हणजे ब्रेकला हातही न लावता, फक्त टायरमुळे आठ मीटर कमी झाले. हे दोन घर्षणांक मी उदाहरणासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत. पण मुद्दा लक्षात आला असेल.

आणि या गाड्यांचे ड्रम, चांगल्या अवस्थेत आणि थंड असताना, चाक लॉक करू शकतात. त्यांची रचनाच तशी आहे. फिरता ड्रम शूला सोबत ओढतो, त्यामुळे शू आणखी घट्ट दाबला जातो. ड्युओ-सर्वो प्रकारात एक शू दुसऱ्यालाही ढकलतो. पायाने लावलेला जोर ब्रेक स्वतःच वाढवून घेतो. म्हणून बूस्टर नसतानाही एवढी जड गाडी थांबायची. थोडक्यात, थंड ब्रेकवर एकदाच थांबण्याच्या चाचणीत डिस्कला फारसा वाव नसतो. तिथे मोठा फरक दिसला तर आधी टायरकडे बघा, मग जुन्या ड्रमच्या अवस्थेकडे.

मग डिस्कचा फायदा कुठे आहे?

फायदा आहे, आणि तो या आकड्यात मावत नाही. वरचा स्वतःच जोर वाढवणारा गुण आठवा. दोष त्यातच आहे. कागदावरचं सोपं मॉडेल घ्या: ड्रमचा जोर म्यू भागिले (१ − १.५ × म्यू) या प्रमाणात, डिस्कचा जोर नुसत्या म्यूच्या प्रमाणात. म्यू म्हणजे लायनर किंवा पॅडचा घर्षणांक, आणि १.५ हा मी समजण्यापुरता धरलेला आकडा. ब्रेक तापून म्यू ०.४ वरून ०.३ वर आला असं समजा. डिस्कचा जोर २५ टक्के घटतो. ड्रमचा १ वरून ०.५५ वर येतो, म्हणजे ४५ टक्के घटतो. लायनरमधला तोच बिघाड ड्रम जवळपास दुप्पट करून दाखवतो. पाणी शिरल्यावरही असंच. डावा ड्रम उजव्यापेक्षा थोडा आधी वाळला, तरी गाडी एका बाजूला ओढते.

आता उष्णतेचा हिशोब. १६०० किलोची गाडी ६० मैलांवरून थांबली की साधारण ५७५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. समजा त्यातली ४०० किलोज्यूल पुढच्या दोन ब्रेकमध्ये गेली आणि प्रत्येकात आठ किलो बीड तापलं, तर एका थांबण्यात तापमान ५० अंशांहून थोडं जास्त वाढतं. एकदा थांबलात तर काहीच नाही. पण थंड होऊ न देता लागोपाठ सात-आठ वेळा थांबलात तर? तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, पेडल खाली जातं, वर म्यू घसरलेला. डिस्क तापून जाड होते ती पॅडच्या दिशेने, शिवाय ती उघड्या हवेत फिरते.

कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगरावरून खाली येणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचं तापमान वाटेत थांबवून तपासतात, ते याच कारणाने. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जग्वार सी-टाइपने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तिथेही प्रश्न एकदा थांबण्याचा नव्हता. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी, प्रत्येक फेरीत, तापलेल्या ब्रेकवर तसंच थांबता येण्याचा होता.

म्हणजे डिस्क जिथे जिंकते ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जातं तिथे जिंकतो तो टायर. या लेखांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

न मोजलेला धोका

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. डिस्क स्वतःचा जोर वाढवत नाही. त्यामुळे पुढे डिस्क आणि मागे जुनेच ड्रम ठेवले, तर ऑइलच्या त्याच दाबाला मागचे ब्रेक पुढच्यांच्या मानाने भारी ठरतात. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गिरकी घेते. म्हणून मागचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो, आणि तो त्या गाडीसाठी जुळवावा लागतो. बूस्टरचंही तसंच. तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि ताकद वाढवायला तगडा कॅमशाफ्ट टाकलेल्या इंजिनात आयडलला व्हॅक्यूम कमी असतो. कोरड्या, सरळ रस्त्यावर घेतलेल्या एका आकड्यात यातलं काहीही दिसणार नाही. आकडा सुधारलेला, आणि ओल्या वळणावर गाडी आधीपेक्षा धोकादायक, हे एकाच वेळी शक्य आहे.

हे तुम्हाला का सांगतेय?

कारण मी हेच केलंय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सेन्सरसाठी इलेक्ट्रोडवर नवा लेप दिला आणि सिग्नल झकास वाढला. आलेख काढले, पोस्टरचा मजकूरही लिहून ठेवला. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "जुनं इलेक्ट्रोड या नव्या बफरमध्ये घालून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. नव्या लेपाला जुना बफर चालत नव्हता, म्हणून बफर बदलला होता, आणि ती गोष्ट मी 'तयारी' या खात्यात टाकून विसरून गेले होते. जुनं इलेक्ट्रोड घालून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त सुधारणा बफरचीच निघाली. लेप उपयोगी होता, पण मी म्हणत होते तितका नाही. पोस्टर रद्द झालं आणि दोन महिने पुन्हा मोजण्यात गेले. चाकासोबत टायर आला, तसाच माझ्याकडे लेपासोबत बफर आला होता.

नीट चाचणी कशी असती?

किमान चार मोजण्या हव्यात: दुरुस्त केलेले ड्रम आणि जुने टायर, दुरुस्त ड्रम आणि नवे टायर, डिस्क आणि जुने टायर, डिस्क आणि नवे टायर. जुने टायर डिस्कसोबत चढतच नसतील तर तिसरी मोजणी होणार नाही. मग तसं स्पष्ट लिहायचं आणि 'दुरुस्त ड्रम, नवे टायर' विरुद्ध 'डिस्क, नवे टायर' एवढीच तुलना करायची. त्यासाठी ती मोठी चाकं ड्रमवरही बसवून पाहायची. प्रत्येक मोजणीत एकदा नाही, लागोपाठ दहा वेळा थांबायचं आणि दहाही अंतरं छापायची. पेडलवर किती जोर लावला तो सेन्सरने नोंदवायचा, कारण नवे ब्रेक लावलेत हे चालकाला ठाऊक असतं आणि पाय आपसूक जास्त दाबला जातो. कोणती चाकं आधी लॉक झाली तेही लिहायचं. आणि रस्ता ओला करून हे सगळं पुन्हा.

मासिकाच्या लेखकाकडे एवढा वेळ आणि पैसा नसतो, हे मान्य. त्याने घरी काम करणाऱ्याला किट कसं बसवायचं ते शिकवलं, आणि त्या कामात हे लेख अनेकदा उत्तम असतात. पण मग शीर्षकही तेवढंच असावं: 'हे सगळं मिळून बदललं, तर एवढा फरक पडला.' हे विधान खरं आहे आणि गाडीमालकाच्या उपयोगाचंही आहे. 'डिस्कमुळे' हा शब्द आला की पुराव्याचं ओझं वाढतं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला असा एक पेपर काढा, ज्याचा निष्कर्ष तुम्हाला आधीपासून पटतो. न पटणाऱ्या पेपरातल्या चुका सगळ्यांनाच दिसतात, म्हणून पटणाराच घ्या. त्यातला 'पद्धती' हा भाग वाचा आणि मुख्य बदलासोबत आणखी काय काय बदललं याची यादी करा. प्रत्येक गोष्टीसमोर लिहा: जुन्या नमुन्यालाही हे दिलं होतं का? जिथे उत्तर 'नाही' किंवा 'लिहिलेलं नाही' येईल, तिथे खूण करा. मग तीच यादी स्वतःच्या प्रयोगाची करा, आणि ती गाइडना दाखवायच्या आधी करा.