‘झडप’ या शब्दाची मर्यादा

हृदयाची ‘झडप’ म्हटली की विद्यार्थ्यांना बिजागरीवर फिरणारे दार दिसते. तिरुवनंतपुरमला तयार झालेल्या, १९९० मध्ये प्रथम बसविलेल्या ‘चित्रा’ या कृत्रिम झडपेच्या ताठ चकतीला हे चित्र बरेचसे लागू पडते. नैसर्गिक झडपेला नाही.

महाधमनीच्या झडपेचे पडदे एक मिलिमीटरहूनही पातळ असतात आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडमीट करतात. त्यांतील कोलॅजेनचे तंतू नागमोडी असल्याने पडदा आधी सहज ताणला जातो. तंतू सरळ होताच तो ताठ होतो. तंतू मुख्यतः परिघाच्या दिशेने असतात, म्हणून त्रिज्येच्या दिशेने तो अधिक ताणला जातो.

संगणकीय प्रतिमानात पडद्याचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील ताण काढतात. ऊतकापासून बनविलेली झडप कोठे फाटू शकेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ महासंगणक बांधला. तेव्हापासून गणनशक्ती अफाट वाढली. पण पडदा सर्व दिशांना सारखाच मानला, तर वेगवान संगणक चुकीचे उत्तर लवकर देईल, इतकेच. म्हणून रंगीत आकृती पाहताना आम्ही आधी विचारतो: ऊतक दोन्ही दिशांनी ओढून मोजले होते का?

‘झडप’ हा शब्द टाकावा असे आमचे म्हणणे नाही. वर्गात सुती रुमाल धाग्याच्या दिशेने आणि मग तिरपा ओढून पाहावा. दाराचे चित्र कोठे अपुरे पडते, ते विद्यार्थीच सांगतील.