‘कॉन्फिडेन्शियल’ आणि ‘गोपनीय’ : एका पर्यायाची मीमांसा

शासनव्यवहारातील मराठी परिभाषेवर आजवर जी टीका झाली, तिचा रोख बहुधा दोन दोषांवर राहिला आहे : एक काठिण्य आणि दुसरा संस्कृतप्राचुर्य. हे दोन्ही आक्षेप शब्दाच्या बाह्यरूपाविषयीचे आहेत. मूळ शब्दात माणसामाणसांचा जो संबंध गृहीत असतो तो पर्यायात उतरला की गळाला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असूनही क्वचितच विचारला जातो. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर जे पर्याय कचेऱ्यांतून रूढ झाले, त्यांपैकी ‘कॉन्फिडेन्शियल’ या शब्दाचा ‘गोपनीय’ हा पर्याय या दृष्टीने तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘कॉन्फिडेन्शियल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘फिदेस’, म्हणजे विश्वास, हा शब्द आहे. एकाने दुसऱ्यावर भरवसा ठेवून त्यास काही सांगितले, ही घटना त्यात आधी येते. लपविणे हा तिचा केवळ परिणाम होय. ‘गोपनीय’ हा शब्द ‘गुप्’ या धातूस ‘अनीय’ हा कृत्यप्रत्यय लागून सिद्ध झाला आहे. हा प्रत्यय कर्मणी असून योग्यता वा कर्तव्यता सुचवितो. ‘वाचनीय’ म्हणजे वाचण्यास योग्य; ‘गोपनीय’ म्हणजे लपविण्यास योग्य. कोणी लपवावे, कोणापासून लपवावे आणि कोणाच्या हितासाठी लपवावे, या तिन्ही बाबतींत हा शब्द मौन पाळतो. त्याचे विशेष्य माणूस नसते. ते अहवाल, पत्र, लिफाफा अथवा माहिती असते. तात्पर्य, मूळ शब्दातील संबंध नाहीसा होऊन येथे वस्तूचा गुणधर्म तेवढा उरला आहे.

मराठीजवळ संबंधवाचक शब्दांची वाण होती असे मात्र नव्हे. ‘गूज’ हा संस्कृत ‘गुह्य’ शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज आहे. परंतु मराठीत तो लपविण्यापेक्षा सांगण्याशी अधिक जोडला गेला. गूज सांगावयाचे असते, आणि त्यासाठी सांगणारा, ऐकणारा व सांगावयाची गोष्ट अशी तीन स्थाने वाक्यात भरावी लागतात. ‘कानगोष्ट’ या शब्दात ऐकणाऱ्याचा कान प्रत्यक्षच आहे. ‘षट्कर्णी होणे’ या प्रयोगात तर कानांची मोजदाद आहे : दोघांचे चार कान, तिसरा आला की सहा, आणि तेथे गुपित संपले. ‘खलबत’ हा अरबी ‘खलवत’ म्हणजे एकांत यावरून आलेला शब्द. रायगडावरील खलबतखाना हे त्याचे दगडी स्मारक होय. पण खलबतदेखील एकट्याने करता येत नाही. अलीकडच्या राजकीय मराठीत ‘आम्हांस विश्वासात घेतले नाही’ ही तक्रार नित्य ऐकू येते. हा प्रयोग इंग्रजीच्या सावलीत वाढलेला असला, तरी त्यात ‘फिदेस’ जिवंत आहे. म्हणजे विश्वासाचा धागा बोलीने राखला आणि कचेरीने सोडला, असे म्हणावे लागते.

या गळतीचा परिणाम व्यवहारात काय होतो ते आता पाहू. ‘गोपनीय’ हा एकच शब्द परस्परविरुद्ध दिशांनी वापरला जातो. नोकरवर्गात ‘सी.आर.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा गोपनीय अहवाल दीर्घकाळ ज्याच्याविषयी लिहिला जाई त्याच्यापासूनच झाकलेला असे. केवळ प्रतिकूल शेरा तेवढा त्यास कळविला जाई. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे असा निर्णय दिला, आणि ही रीत मोडली. याच्या उलट, रुग्णाची माहिती गोपनीय असते ती रुग्णापासून नव्हे, तर रुग्णासाठी. पहिल्या प्रयोगात ज्याची गोष्ट त्यालाच ती अज्ञात राहते. दुसऱ्यात ज्याची गोष्ट तोच तिचा धनी असतो. एका शब्दाने या दोन्हींचा निर्देश करणे म्हणजे कुलूप कोणत्या बाजूने लावले आहे हे न सांगता केवळ ‘दार बंद आहे’ असे सांगण्यासारखे होय.

हा भेद केवळ कोशकारांच्या चर्चेचा आहे असे ज्यास वाटेल, त्याने नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीसारख्या गावाचा विचार करावा. नवापूर तालुक्यातील, सुरत-धुळे महामार्गावरील हे गाव. या परिसरात घरची भाषा पुष्कळांची मावची; ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात भिल्ली भाषांच्या खंडात तिची नोंद आहे. बाजारात गुजराती आणि अहिराणी कानी पडतात. प्रमाण मराठी ही शाळेची, कचेरीची आणि दवाखान्याची भाषा. या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी करावी आणि तिचे फलित जाणून निर्णय घ्यावा, असा सल्ला दिला जातो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातही तपासणीबरोबर समुपदेशनास स्थान आहे.

आता अशा एखाद्या तरुणीस ‘तुमचा अहवाल गोपनीय राहील’ असे सांगितले, तर तिने काय समजावे? ती वाहक आहे ही गोष्ट गावात षट्कर्णी होऊ नये हे खरे. कारण तसे झाल्यास सोयरीक मोडण्याचे भय असते, आणि दोष एकट्या मुलीच्या माथी मारला जाण्याचेही. परंतु तीच गोष्ट नियोजित वरास कळणे आवश्यक आहे. अन्यथा तपासणीचा हेतूच विफल होतो. येथे पाहिजे आहे ते लपविणे नव्हे, तर निवडक माणसास भरवशाने सांगणे. ‘गोपनीय’ हा शब्द तिला झाकावयास शिकवितो. कोणास, केव्हा आणि कोणाच्या संमतीने सांगावे, हे शिकवीत नाही. शिवाय हा शब्द मावचीत समजावून देण्याचे काम ज्या आशा कार्यकर्तीवर पडते, तिला शब्दानेच कर्ता दिलेला नसल्यामुळे तो आपल्या पदरचा घालावा लागतो.

मग मूळ इंग्रजी शब्दच का ठेवू नये, असा प्रश्न संभवतो. त्यानेही हे काम होत नाही. मराठीत ‘कॉन्फिडन्स’ रुजला तो आत्मविश्वास या अर्थाने, आणि ‘कॉन्फिडेन्शियल’ रुजला तो लिफाफ्यावरील शिक्का म्हणून. ही दोन रूपे एकाच मुळाची आहेत याची जाणीव मराठी भाषकाच्या मनात नाही. उसना शब्द मुळासकट येत नसतो. ज्या जागी तो प्रथम भेटला त्या जागेचा अर्थ घेऊन येतो. आपणांस तो कचेरीत भेटला.

पर्याय करणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. संपूर्ण शासनव्यवहारास एकरूप असे सुटसुटीत विशेषण त्यांना हवे होते, आणि प्रश्नपत्रिकेच्या पाकिटावर अथवा संरक्षणविषयक कागदावर ‘गोपनीय’ हा शब्द आपले काम निर्दोषपणे करतो. तेथे वस्तूच लपवावयाची असते. दोष शब्दाचा नाही. ज्या क्षेत्रात वस्तू नव्हे तर नाते राखावयाचे असते, तेथवर तो ताणला गेला, हा खरा दोष होय. कायद्याने हे नाते ओळखले आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमात पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यातील संभाषणास संरक्षण होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तेथे कोण कोणास काय बोलला यावर संरक्षण अवलंबून असते, कागदावरील शिक्क्यावर नव्हे.

यास्तव आमची सूचना नवा शब्द घडविण्याची नाही. ‘विश्वासाधीन’ यासारखे एखादे विशेषण घडविता येईल. परंतु तेही पुन्हा कर्त्यावाचूनच राहील. दवाखाना, समुपदेशन, शाळेतील तक्रारपेटी अशा ठिकाणी विशेषणाऐवजी पूर्ण वाक्य योजावे : ‘हे तुमच्या आणि आमच्यात राहील, तुम्ही सांगाल त्याखेरीज आम्ही दुसऱ्या कोणास सांगणार नाही.’ आणि कायद्याने जेथे अपवाद केला असेल, तेथे तोही त्याच वाक्यापुढे उघड सांगावा. या वाक्यात कर्ता आहे, ऐकणारा आहे, मर्यादा आहे; आणि ते मावचीतच काय, कोणत्याही बोलीत सहज सांगता येते. परिभाषेचे यश किती इंग्रजी शब्दांना पर्याय मिळाले यावर मोजले जाते. ज्याच्यासाठी तो पर्याय योजला, त्या माणसास आपले गूज कोणाच्या हाती दिले हे त्यातून कळते की नाही, यावरही ते मोजले जावे.