अदर्शनाची दोन रूपे

पक्षिनिरीक्षकाच्या लेखनाचे मोल त्याने पाहिलेल्या पक्ष्यांच्या संख्येवरून ठरविले, तर ते लेखन नोंदवहीच्या पलीकडे जात नाही. अमेरिकन लेखक पीटर मॅथीसन (१९२७–२०१४) याचे निसर्गलेखन वाङ्मयाच्या कक्षेत येते, ते जे दिसले नाही त्याचाही अर्थ त्याने शोधला म्हणून.

मॅथीसन मुळात कादंबरीकार. १९५३ साली निघालेल्या ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी तो एक होता. ‘वाइल्डलाइफ इन अमेरिका’ (१९५९) या ग्रंथात त्याने स्वदेशातील वन्य जीवांच्या ऱ्हासाचा इतिहास सांगितला. पुढे दक्षिण अमेरिका, न्यू गिनी, पूर्व आफ्रिका येथील त्याची भ्रमंती ग्रंथरूप होत गेली.

१९७३ च्या शरदात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर याच्यासमवेत तो नेपाळमधील डोल्पो प्रदेशात गेला. शॅलरला भरल या रानमेंढ्यांचा अभ्यास करावयाचा होता. हिमबिबट्याचे दर्शन घडावे, ही दोघांचीही आशा होती. मॅथीसनची पत्नी १९७२ साली कर्करोगाने निवर्तली होती. ‘द स्नो लेपर्ड’ (१९७८) या ग्रंथात पाऊलखुणा आढळतात. मॅथीसनला तो प्राणी दिसत नाही. झेन साधनेत रमलेला लेखक हे अदर्शन स्वीकारतो, आणि पत्नीवियोगाचे दुःखही त्या स्वीकारात हळूहळू सामावते. परंतु आईवेगळ्या मुलाला मागे ठेवून हा पिता शांतीच्या शोधात निघाला आहे. त्या मुलाचे पत्र ग्रंथात देऊन मॅथीसनने स्वतःविरुद्धचा पुरावा वाचकाच्या हाती ठेवला. ग्रंथाची सचोटी तेथे प्रत्ययास येते.

‘द बर्ड्स ऑफ हेवन’ (२००१) मध्ये पाच खंडांत विखुरलेल्या क्रौंचकुलाच्या पंधरा जातींचा मागोवा आहे. कोरियात परस्परांवर शस्त्रे रोखलेल्या दोन सैन्यांमधील निर्मनुष्य पट्ट्यात क्रौंचांना अभय मिळते, ही विसंगती त्याने टिपली आहे. कलाकृती म्हणून हा ग्रंथ पहिल्याच्या तोडीचा नाही; माहितीच्या भाराखाली गद्याची लय अनेकदा मोडते. तथापि या उणिवेचे कारण विषयातच आहे. हिमबिबट्या दिसला नाही तरी तो पर्वतात होता. न दिसलेला क्रौंच कदाचित उरलेलाच नसेल. अशा ठिकाणी साधकाचा स्वीकार अपुरा पडतो. लेखकाला साक्षीदार व्हावे लागते, आणि साक्षीला तपशील टाळता येत नाही.

आदिकाव्याचा उगम क्रौंचवधाच्या शोकात मानणाऱ्या भारतीय वाचकाला हे सहज उमगावे. मात्र वाल्मीकीसमोर शाप देण्यासाठी एक निषाद तरी उभा होता. पाणथळी आटविणाऱ्या, नद्या अडविणाऱ्या आजच्या व्यवहारात तसा एकच अपराधी सापडत नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर सायबेरियातील पांढरा क्रौंच भरतपूरच्या पाण्यावर उतरलेला नाही. या अदर्शनाला शांतीचे नाव देता येत नाही, हे मॅथीसनच्या उत्तरायुष्यातील लेखनाने ओळखले होते.