मॅनिफोल्ड : एक रसग्रहण

मराठी माणूस नाटकावर टीका करतो, बटाटेवड्यावर करतो, महापालिकेवर तर झोपेतही करतो. इंजिनाच्या सुट्या भागांना मात्र आजवर समीक्षक लाभलेला नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य भाच्याने माझ्यावर सोपवले. सोपवले म्हणजे तीन फोटो दाखवून "कसं वाटतं, मामा?" एवढंच त्याने विचारलं. कोपरीत समीक्षक व्हायला इतकं पुरतं.

भाच्याकडे वडिलांच्या मागे राहिलेली मारुती एस्टीम आहे. 1298 सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. नवी होती तेव्हा 85 घोडे होते म्हणतात. त्यांतले हयात किती, देव जाणे. गाडी भंगारात द्यायची नाही, यावर मायलेकांचं एकमत. पण चिरंजीवांना तिला शर्यतीची करायची आहे आणि सुरुवात इनटेक मॅनिफोल्डपासून. पैसे त्याचे स्वतःचे, दोन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले. तेव्हा समीक्षा गंभीरपणे करणं भाग होतं.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाची श्वासनलिका. हवा एका तोंडाने आत शिरते, एका पेटीत थांबते आणि चार नळ्यांतून चार सिलिंडरांकडे जाते. कथानक इतकंच. सगळी गंमत मांडणीत.

पहिला उमेदवार कंपनीचाच. लांबट, वळणदार नळ्या. देखणेपण बेताचं, सरळमार्गी, पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखा. दुसरा वेल्डिंग करून घडवलेला : आखूड, जाड, सरळ नळ्या आणि वर ट्रंकेएवढी पेटी. चकाकी अशी की बॉनेट उघडंच ठेवावं. तिसऱ्याने तर एकत्र कुटुंबच मोडलंय. चार सिलिंडरांना चार स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे चार चुली. पाय ठेवताच उत्तर मिळतं, गर्जना थिएटरभर. पण चारही चुलींची आच सारखी ठेवता ठेवता मिस्त्री म्हातारा होतो.

आता आशयाकडे वळू. हवेला वजन असतं आणि वेगही. रबरी नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडतं, तसं अरुंद नळीत हवा जोरात धावते आणि कमी फेऱ्यांतही सिलिंडर नीट भरतो. गाडीला 'पिकअप' आहे म्हणतात तो हाच. शिवाय व्हॉल्व्ह मिटला की धावती हवा त्यावर आपटते, दाबाची लाट उलटी फिरते, पेटीपर्यंत जाऊन परत येते. ती परतताना व्हॉल्व्ह उघडा सापडला, तर चार घास जास्त भरवते. नळी लांब असली की लाट उशिरा परतते, म्हणून लाभ कमी फेऱ्यांना. आखूड असली की लवकर, म्हणून लाभ इंजिन किंचाळू लागल्यावर.

हे मी मनचं सांगत नाही. 1960 साली अमेरिकेत क्रायसलरने आपल्या 300 एफ गाडीला तब्बल तीस-तीस इंची नळ्या बसवल्या. घोडे 375, आणि जोर मधल्या वेगाला. ज्यांना शर्यतच करायची, त्यांच्यासाठी आतली भिंत कापून तीच नळी पंधरा इंचांवर आणली. घोडे झाले 400. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत. समीक्षकाने मुखपृष्ठावर जाऊ नये ते यासाठी.

शिवाय एकटी नळी रुंद करून भागत नाही, हे कोपरीकराला कोणी शिकवायला नको. पूर्व द्रुतगती महामार्ग आठ पदरी आणि आमचा रेल्वेवरचा पूल चार पदरी. वर्षानुवर्षं सारं ठाणे त्या नरड्यात अडकलं. 2023 साली पूल रुंद झाला. गाड्या भुर्रकन पूल ओलांडतात आणि पुढे तीन हात नाक्याला निवांत उभ्या राहतात! मॅनिफोल्ड मोठा केला की अडचण तशीच पुढे सरकते : हेडमध्ये, कॅममध्ये, एक्झॉस्टमध्ये, मग संगणकाच्या ट्यूनिंगमध्ये. एका नळीच्या पायी सबंध इंजिन उघडतं आणि पाकीटही.

तेव्हा माझा निकाल. दुसरा उमेदवार वाईट नाही. सात हजार फेऱ्यांवर तो बाजी मारील. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत, तिथे तो शोभेल. पण आमच्या गल्लीतून स्टेशनापर्यंत, रिक्षा, हातगाड्या आणि शाळेच्या बसगाड्यांमधून, गाडी दुसऱ्या गिअरवर जात नाही. तिथे हा नट विंगेतच उभा राहणार. त्यातून मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम : नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत चालत नाही. म्हणून कंपनीचाच मॅनिफोल्ड ठेवावा, आतून साफ करावा, नवं गॅस्केट घालून नळीची नि हेडची तोंडं नीट जुळवावीत आणि उरलेल्या पैशांत ब्रेक व टायर घ्यावेत.

"मामा, दिसायला दुसराच छान आहे," भाचा म्हणाला. समीक्षेचं आजवर मराठीत जे झालं तेच इथेही होणार, हे मी ओळखलं.

तेवढ्यात आतून ताई आली. पुसलेले हात पदराला पुन्हा पुसत म्हणाली, "ते घोडे-बिडे तुम्ही बघा. आवाज तेवढा बदलू नका रे. हे फाटकाशी आले की चौथ्या मजल्यावर मला त्याच आवाजाने कळायचं."

भाच्याने फोन खिशात घातला. टायर रविवारी बसले.