मार्गावरची बोली आणि नोंदीचे मौन : तेरच्या संदर्भात मालवाहू वाहनचालकांच्या सांकेतिक भाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवृत्तात दख्खनमधील दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर त्यात दिले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीकाठचे तेर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले आणि पुढे ते सर्वमान्य झाले. येथून साधे कापड आणि मलमलीचे प्रकार गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला नेले जात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि रोमन संपर्काची साक्ष देणाऱ्या वस्तू या व्यापाराची कल्पना आजही देतात.

या वृत्तात माल आहे, अंतर आहे आणि वाहनही आहे. गाडी हाकणारा मात्र त्यात बोलत नाही. महिनाभराच्या वाटचालीत गाडीवान एकमेकांना धोक्याची सूचना कशी देत, जकात घेणाऱ्याला आपसांत काय म्हणत, थकलेल्या बैलासाठी आणि मोडलेल्या आसासाठी त्यांचे शब्द कोणते होते, हे कळण्यास काहीही साधन उरलेले नाही. वस्तू टिकल्या, बोली नाहीशी झाली. आजच्या मालवाहू वाहनचालकांच्या बोलीविषयी मराठी भाषाभ्यासाने घेतलेली भूमिका या मौनापेक्षा फारशी वेगळी नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रेडिओवरील बोली : गुप्तता की सदस्यत्व?

मार्गावरील बोलीची नोंद झाली तर अभ्यासकाच्या हाती काय लागते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सामान्य नागरिकांसाठी 'सिटिझन्स बँड' रेडिओची सोय झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन दुर्मीळ झाले आणि १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा देशभर लागू झाली. फेऱ्यांवर पोट अवलंबून असलेल्या ट्रकचालकांनी इंधन कोठे मिळते आणि पोलीस कोठे उभे आहेत, हे एकमेकांना कळवण्यासाठी हा दुतर्फी रेडिओ वापरण्यास आरंभ केला. त्यातून एक स्वतंत्र शब्दसंग्रह घडला. महामार्ग पोलिसाला 'स्मोकी' किंवा 'बेअर' म्हणजे अस्वल म्हटले जाई, कारण त्याची टोपी वणवाविरोधी प्रचारातील अस्वलाच्या टोपीसारखी होती. वजनकाट्याला 'चिकन कूप' म्हणजे कोंबड्यांचे खुराडे, वेग मोजणाऱ्या यंत्राच्या वापराला छायाचित्र काढणे, तर ताफ्यातील पुढच्या आणि मागच्या गाडीला 'पुढचे दार' आणि 'मागचे दार' अशी नावे पडली. प्रत्येक चालक खऱ्या नावाऐवजी 'हँडल' नावाचे टोपणनाव धारण करी.

सांकेतिक बोलीची रूढ व्याख्या अशी की, ती बाहेरच्या माणसापासून अर्थ लपवण्यासाठी निर्माण होते. या उदाहरणाला ती व्याख्या पुरी पडत नाही. ही वाहिनी खुली होती. ज्याच्यापाशी यंत्र होते तो कोणीही ऐकू शकत होता, पोलीसही ऐकत होते आणि अस्वल म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होते. किंबहुना होकारासाठी चालक वापरीत तो 'टेन-फोर' हा संकेत पोलिसांच्याच बिनतारी संदेशव्यवहारातून आलेला होता. ज्याच्यापासून सावध राहायचे त्याचीच संकेतभाषा उसनी घेणारी बोली केवळ गुप्ततेच्या तत्त्वाने स्पष्ट होत नाही. तिची खरी कार्ये दोन होती. खरखरीत आवाजात थोडक्या शब्दांत निःसंदिग्ध निरोप पोहोचवणे हे पहिले, आणि केबिनमध्ये एकट्या बसलेल्या माणसाला आपण एका समूहाचे घटक आहोत ही जाणीव देणे हे दुसरे.

पुढील इतिहासही बोधप्रद आहे. १९७५ मधील 'कॉन्व्हॉय' हे गीत आणि त्यावर आधारित १९७८ चा चित्रपट यांमुळे ही बोली घरोघरी पोहोचली. तिचे छोटे कोश बाजारात आले. १९७७ पासून वाहिन्यांची संख्या २३ वरून ४० झाली, तर १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. हौशी लोकांची गर्दी वाढली आणि सदस्यत्वाची खूण म्हणून त्या शब्दांचे मोल उतरले. बोलीला मौनापासून जसा धोका असतो, तसाच फॅशनपासूनही असतो.

नंदभाषा : मराठीतील पूर्वपरंपरा

मराठीला सांकेतिक व्यवसायबोली अपरिचित नाही. सराफ, दुकानदार आणि दलाल यांच्या 'नंदभाषे'ची दखल मोल्सवर्थच्या कोशाने घेतली आहे. एकासाठी 'केवली', चारासाठी 'पोकू', पाचासाठी 'मुळू', सातासाठी 'पवित्र' अशी तिची अंकव्यवस्था होती. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना भाव ठरवण्यासाठी ती उपयोगी पडे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून होणारा सौदा हे याच प्रवृत्तीचे निःशब्द रूप होय. येथे गुप्तता खरी आहे, कारण ज्याच्यापासून लपवायचे तो हाताच्या अंतरावर आहे.

नंदभाषा ही बैठकीची बोली आहे आणि ट्रकचालकांची बोली ही वाटेची बोली आहे. पहिलीत दोघे मिळून तिसऱ्याला वगळतात, तर दुसरीत एकटा माणूस न दिसणाऱ्या अनेकांना साद घालतो. दोन्ही प्रकारांना 'चोरबोली' या एकाच नावाखाली ढकलले की हा भेद पुसला जातो, आणि वाटेच्या बोलीवर विनाकारण संशयाची छाया पडते.

मराठवाड्यातील महामार्ग : रेडिओविना बोली

भारतात ट्रकचालकांची रेडिओबोली का घडली नाही, याचे उत्तर प्रथम कायद्यात आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्रविषयक कायद्यानुसार असे यंत्र बाळगण्यास परवाना लागत असे. सिटिझन्स बँडचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला तो २००५ मध्ये. तोवर मोबाइल फोन चालकाच्या खिशात आलेला होता. फोनवरील संभाषण मात्र ओळखीच्या माणसाशी होते. समोरून येणाऱ्या अनोळखी गाडीला फोन लावता येत नाही.

ती उणीव सोलापूर-धुळे महामार्गावर, म्हणजे धाराशिव आणि बीडवरून जाणाऱ्या पूर्वीच्या २११ व आताच्या ५२ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर, इतर साधनांनी भरून काढलेली दिसते. समोरच्या गाडीने दिव्याची उघडझाप केली की पुढे तपासणी किंवा अपघात असल्याचे समजले जाते. तळहात खाली करून हलवला की वेग कमी करण्याची सूचना मिळते. रस्त्यावर ठेवलेली झाडाची फांदी पुढे गाडी बंद पडल्याचे सांगते. हॉर्न, हात, दिवा, फांदी आणि मागच्या फळीवरचे लेखन मिळून ही एक चिन्हव्यवस्था होते.

तिची मर्यादा अशी की, ती एकतर्फी आहे. रेडिओवर शंका आली तर प्रतिप्रश्न करता येतो, दिव्याला प्रश्न विचारता येत नाही. पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकतो तेव्हा तो स्वतः उजवीकडे वळणार आहे की मागच्याला 'जा' म्हणतो आहे, हा संभ्रम जिवावर बेतू शकतो. 'हॉर्न ओके प्लीज' ही फळीवरची अक्षरेही अशीच एकतर्फी विनंती होती. ध्वनिप्रदूषणाच्या कारणाने २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती लिहिण्यास मनाई केली. मनाई योग्य असेल, परंतु या ओळीच्या भाषिक कार्याचा विचार त्या निमित्ताने मराठी अभ्यासकांनी करावयास हवा होता.

बोलीचा शाब्दिक भाग गाडी थांबते तेथे घडतो : मोंढ्यात, वजनकाट्यावर, ट्रान्सपोर्टच्या कचेरीत, ढाब्यावर. 'क्लीनर'चा 'किन्नर' होतो आणि तो चालकाला 'उस्ताद' म्हणतो. 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधील ज्या रस्त्यावर जादा चाकाचा कारखाना होता त्याच्या नावावरून आला आणि मराठी मुलखात असा रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'खाली गाडी', 'बिल्टी', 'डिपर मारणे' या प्रयोगांत मराठी, दख्खनी आणि इंग्रजी एकमेकींत मिसळतात.

यांतील एक शब्द विशेष लक्षणीय आहे. अमेरिकन चालकाने पोलिसाला अस्वल केले, तर मराठी चालक त्याला 'मामा' म्हणतो. अस्वलापासून पळ काढता येतो, मामाशी मात्र बोलावे लागते. आईचा भाऊ हा लाडाचा, थट्टेचा आणि हट्ट पुरवून घेण्याचा आप्त होय. सत्तेला नात्यात ओढून तिची धार कमी करण्याची युक्ती या एका शब्दात आहे. पहिल्या रूपकाने पोलिसाला माणसांच्या जगाबाहेर ठेवले, दुसऱ्याने त्याला घरात घेतले. दोन रस्त्यांवरील माणूस आणि सत्ता यांच्या संबंधातील अंतर या दोन शब्दांत जितके स्पष्ट होते, तितके ते वाहतुकीच्या आकडेवारीतून होणार नाही.

लेखणी कोणाच्या हाती?

व्यवसायातील शब्द साहित्यात केव्हा येतो, याचे उत्तर तेरच्याच परंपरेत आहे. संत गोरा कुंभार यांनी थापटण्याने संतांची मस्तके तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वपरिचित आहे. भाजलेल्या आणि न भाजलेल्या मडक्याची पारख ही मूळची कुंभाराच्या आव्यावरची गोष्ट होय. ती आध्यात्मिक मूल्यमापनाची परिभाषा बनली, कारण बोलणारा स्वतः कुंभार होता आणि त्याला ऐकणारा संप्रदाय होता. सावता माळी, नरहरी सोनार आणि सेना न्हावी यांच्या बाबतीतही हेच घडले.

आधुनिक काळातही हा नियम टिकून आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी समाजाने संशयित ठरवलेल्या समूहांचे शब्द मराठी वाचकापुढे आणले. बाहेरून झालेली नोंद वेगळ्या स्वरूपाची असते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या अकराव्या खंडाने (१९२२) भटक्या समूहांचे शब्दसंग्रह जतन केले, पण त्यांत बोलणाऱ्याचे जगणे फार थोडे आले. शब्दाची यादी आणि शब्दामागचा प्रसंग यांतील हे अंतर आहे. चालकांच्या बोलीला अद्याप गोरोबांसारखा स्वकीय वक्ता मिळालेला नाही, आणि तिची यादीही कोणी पुरेशी केलेली नाही.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या बोलीच्या अभ्यासावर तीन आक्षेप संभवतात. ती अशिष्ट आहे, हा पहिला. शिष्टता हा शिफारशीचा निकष आहे, अभ्यासाचा नव्हे. कोशकाराने शिवीचीही नोंद केलीच आहे. ती शुद्ध मराठी नाही, हा दुसरा. तथापि कापड आणि धान्य ज्या वाटेने आले त्याच वाटेने शब्दही आले, आणि तेरसारख्या गावाचा इतिहासच या देवघेवीचा आहे. ती क्षणभंगुर आहे, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि नोंदीची निकड त्यानेच सिद्ध होते.

चौथी अडचण अधिक गंभीर आहे. जादा भार, चिरीमिरी, चुकवलेली तपासणी यांसाठीचे शब्द नोंदवताना बोलणाऱ्याची उपजीविका धोक्यात येऊ शकते. संशोधकाने शब्द घ्यावा, माणसाचे नाव आणि गाडीचा क्रमांक घेऊ नये. ज्याने शब्द दिला त्याला नोंद वाचून दाखवावी आणि तो नको म्हणेल ते गाळावे. अशी नोंद काहीशी अपुरी राहील, परंतु ती विश्वासघाताने मिळवलेल्या पूर्ण नोंदीपेक्षा श्रेष्ठ ठरेल.

समारोप

अमेरिकेतील रेडिओबोलीने दाखवले की सांकेतिक शब्द लपवण्यापेक्षा जोडण्यासाठी अधिक वापरला जातो. नंदभाषेच्या तुलनेने बैठकीची आणि वाटेची बोली यांतील भेद स्पष्ट झाला. मराठवाड्यातील रस्त्याने दाखवले की यंत्र नसले तरी बोली थांबत नाही, ती दिव्यात, हातात आणि ढाब्यावरच्या गप्पांत वाट शोधते. तिची प्रसंगांसह नोंद करण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वही, संयम आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरेसे आहे, आणि या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना ते सहज शक्य आहे. त्यांचे अनेक विद्यार्थी चालकांच्याच घरांतून येतात. लेखणी त्यांच्या हाती आहे. ती चालली नाही, तर दोन हजार वर्षांनंतरच्या वाचकालाही माल, अंतर आणि वाहन एवढेच कळेल.