‘स्वतः’ आणि ‘टिळक’

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ (१९३४ पासून) हीं दोन आत्मचरित्रें वाङ्मय म्हणून पुष्कळांनीं वाखाणिलीं आहेत. इतिहासाचें साधन ह्या नात्यानें त्यांतील एका लहानशा अंगाकडे मात्र जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. तें अंग म्हणजे पतीचा निर्देश. रमाबाई न्यायमूर्तींस प्रायः ‘स्वतः’ म्हणतात. लक्ष्मीबाई रेव्हरंड नारायण वामन टिळकांस ‘टिळक’ म्हणतात. ह्यावरून पहिल्या बाई जुन्या वळणाच्या व दुसऱ्या त्यांतून सुटलेल्या, असा निवाडा देण्यांत येतो. तो आम्हांस मान्य नाहीं. आणि एके काळीं आम्हीही वर्गांत तोच देत असूं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें.

‘स्वतः’ हें तसिल्-प्रत्ययान्त अव्यय. मराठींत तें ज्या नामास लागतें त्यावर जोर देतें. रमाबाईंच्या वाक्यांत जोर राहिला आहे आणि नाम गळालें आहे. क्रियापद आदरार्थी बहुवचनी आलें म्हणजे वाचकास उमगतें कीं, बाई येथें आपणाविषयीं बोलत नाहींत. ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’ हे शब्द ह्याच कुळांतले; त्यांत तर मनुष्याची निव्वळ दिशा झाली आहे. आम्ही विद्यार्थ्यांकडून ‘स्वतः’च्या जागीं ‘माधवराव’ घालवून घेत असूं. वाक्य सरळ होई, पण बोलणारी कोण तें त्यांतून जाई. १९३८ सालीं निघालेल्या इंग्रजी भाषांतरास ‘हिमसेल्फ’ हें नांव देणाऱ्या परदेशीय बाईंस जें कळलें, तें आम्हांस कळलें नव्हतें.

नांव घेतल्यानें पतीचें आयुष्य उणावतें, हें कारण नेहमीं पुढें करितात. परंतु न्यायमूर्ति १९०१ सालीं वारले व पुस्तक १९१० चें. तेव्हां ती भीति येथें लागू पडत नाहीं. शास्त्राधार म्हणून जो श्लोक म्हणतात, त्यांत स्वतःचें, गुरूचें, अतिकृपणाचें, ज्येष्ठ अपत्याचें व पत्नीचें नांव घेऊं नये असें आहे. म्हणजे निषेध पुरुषास सांगितला आहे! पतीचें नांव त्यांत स्पष्ट नाहीं. तें ‘गुरु’ शब्दांत ओढून आणावें लागतें. पुरुषांनींही हा निषेध ‘कुटुंब’, ‘मंडळी’ असे शब्द योजून पाळिला. इतकेंच असतें तर दोन्ही पारडीं सारखीं म्हणतां आलीं असतीं. पण रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर आणि लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. पतीचें नांव अनुच्चारित परंतु अखंड राहिलें. पत्नीचें अनुच्चारित राहिलें तें राहिलेंच, शिवाय आडनांवासकट बदललें. नामसंकोचाला केवळ आदर म्हणणाऱ्यांनीं ह्या विषमतेचा जबाब दिला पाहिजे.

आतां ‘टिळक’. आडनांव हें कुळाचें नांव, व्यक्तीचें नव्हे. तें उच्चारल्यानें जुना निषेध मुळींच मोडत नाहीं; ‘नारायण’ म्हटलें असतें तर गोष्ट निराळी. तेव्हां ह्या शब्दावरून बंडखोरी सिद्ध होत नाहीं, कीं ख्रिस्ती धर्माचा परिणामही सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं, बाहेरचें जग ज्या शब्दानें त्या पुरुषास ओळखी तोच बाईंनीं उचलला. त्यांत तिऱ्हाइताचें अंतर आहे. त्या अंतरावर उभ्या राहूनच त्या पतीचा विक्षिप्तपणा व भाबडेपणा इतक्या थट्टेनें सांगूं शकल्या. ‘स्वतः’ म्हणणारीस ती थट्टा साधणें कठीण. (‘टिळक’ म्हणतांच महाराष्ट्रास लोकमान्य आठवतात, ह्या पुस्तकापुरतें तें आडनांव बाईंनीं आपल्या घरीं आणिलें, हेंही लहान काम नव्हे.) उलट, रमाबाईंचा ‘आमच्या’ हा शीर्षकांतील शब्द पाहावा. ज्याचें नांव घेतां येत नाहीं तो त्या बहुवचनांत आधींच येऊन बसला आहे.

हे शब्द बदलून ‘सुलभ’ आवृत्त्या काढण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें तो आवरावा. आणि ज्यास आठवणींची सूचि करावयाची असेल त्यानें ‘स्वतः’ ही नोंद स्वतंत्र ठेवावी, ‘रानडे, म. गो. पाहा’ एवढ्यावर भागवूं नये.