शेजारच्या क्रुसावरचा माणूस

मृत्युदंडाविरुद्ध चित्रपट काढायचा, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निरपराध माणसाला वधस्तंभापर्यंत नेणे. प्रेक्षक हळहळतो, न्यायव्यवस्थेला दोष देतो आणि मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो. जो खरोखरच अपराधी आहे, त्याचे काय?

टिम रॉबिन्स दिग्दर्शित ‘डेड मॅन वॉकिंग’ (१९९५) ही पळवाट नाकारतो. संत योसेफच्या संघातील धर्मभगिनी हेलन प्रेजाँ यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अनुभवकथनावर तो आधारलेला आहे. लुइझियाना राज्यात १९८४ साली देहान्त शासन झालेल्या दोन कैद्यांना त्यांनी अखेरपर्यंत सोबत केली होती. त्या दोघांतून पडद्यावरचा मॅथ्यू पॉन्सलेट (शॉन पेन) घडला आहे. एका तरुण जोडप्याच्या हत्येतला हा गुन्हेगार उर्मट, खोटारडा आणि वंशद्वेष्टा आहे. त्याच्याविषयी सहज कणव वाटावी, असे दिग्दर्शकाने काहीही ठेवलेले नाही.

अशा माणसाला सिस्टर हेलन (सुझन सॅरंडन) काय देतात? स्वस्त सांत्वन तर मुळीच नाही. येशू आपल्यासाठी मेला, तेव्हा आपले तारण झालेच, अशा समजुतीत पॉन्सलेट निश्चिंत आहे. तारण म्हणजे फुकटचे प्रवेशपत्र नव्हे, त्यात तुलाही सहभागी व्हावे लागेल, असे सिस्टर त्याला बजावतात. चित्रपटाचा ख्रिस्ती गाभा इथे आहे. अखेरच्या रात्री तो रडत आपला अपराध कबूल करतो. हे पापनिवेदन संस्काराच्या अर्थाने पापनिवेदन नव्हे. ऐकणारी व्यक्ती धर्मगुरू नाही, पापमुक्ती देण्याचा अधिकार तिला नाही. तरीही सत्य उच्चारले जाते, आणि त्यानंतरच तू देवाचा पुत्र आहेस हे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतात. आधी सत्य, मग करुणा, हा क्रम रॉबिन्स यांनी कसोशीने पाळला आहे. एरवी दोघांमध्ये सतत जाळी, काच, नाहीतर गज असतात. मृत्यूकडे चालत जाताना मात्र सिस्टरांचा हात त्याच्या खांद्यावर विसावतो.

चित्रपटातील सर्वांत वादग्रस्त प्रतिमा त्यानंतर येते. प्रत्यक्षात ते दोन कैदी विजेच्या खुर्चीत मेले. चित्रपटात विषारी इंजेक्शनाची योजना आहे. हात पसरून मेजाला जखडलेला पॉन्सलेट साक्षीदारांसमोर उभा केला जातो, आणि क्रूस डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. खुन्याला ख्रिस्ताच्या जागी बसवणे हा अतिरेक नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. पण कालवरीवर क्रूस एकच नव्हता. लूकच्या शुभवर्तमानातील एक गुन्हेगार आपली शिक्षा योग्य असल्याचे मान्य करतो आणि केवळ आठवण ठेवण्याची विनवणी करतो. पॉन्सलेटची जागा त्या शेजारच्या क्रुसावर आहे. म्हणूनच इंजेक्शन दिले जात असताना दिग्दर्शक हत्येची दृश्ये मधे मधे आणतो. त्या दोन कोवळ्या जिवांना विसरून आपल्याला दया करता येत नाही.

हीच प्रामाणिकता मृतांच्या आईवडिलांच्या चित्रणात दिसते. सिस्टर आपल्या बाजूला आल्या, असे समजून पर्सी दांपत्य त्यांचे स्वागत करते आणि गैरसमज दूर होताच त्यांना घराबाहेर काढते. चित्रपट त्या दांपत्याला दोषी ठरवत नाही. मारल्या गेलेल्या मुलाचे वडील डेलाक्रुआ मात्र दफनविधीला येतात. आपल्याजवळ द्वेष फार आहे, सिस्टरांसारखी श्रद्धा नाही, असे ते सांगतात. ही श्रद्धा नव्हे, हे कष्टाचे काम आहे, असे सिस्टर उत्तरतात. अखेरीस प्रार्थनामंदिरात दोघे शेजारी गुडघे टेकलेले दिसतात. क्षमा झाली की नाही, हे सांगितले जात नाही.

एक उणीव नोंदवायला हवी. गरिबाला चांगला वकील मिळत नाही, हा मुद्दा चित्रपटात येतो; परंतु अमेरिकेतील मृत्युदंडाचा वर्णभेदाशी असलेला संबंध बराचसा बाजूलाच राहतो.

त्याच १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘जीवनाचे शुभवर्तमान’ या विश्वपत्रात, मृत्युदंड अपरिहार्य ठरावा असे प्रसंग जवळजवळ उरलेलेच नाहीत, असे म्हटले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून ही शिक्षा अस्वीकार्य ठरवली. ख्रिस्तसभेची शिकवण आज स्पष्ट आहे. ती अंगी बाणवणे मात्र डेलाक्रुआंच्या वाटेने जाण्याइतकेच कठीण आहे, आणि हा चित्रपट ते कठीणपण लपवत नाही.